उष्णतेच्या ताणात सोयाबीनचे पॉलिसोम मोडतात, पण कंट्रोलचेही मोडलेले दिसतात: दोष कुठे शोधावा?

अंकुर_नागपूर

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी जेएस-३३५ या सोयाबीनच्या वाणावर काम सुरू आहे. बी ओल्या पेपर-टॉवेलच्या गुंडाळीत, अंधारात, २८ अंशांना ३ दिवस. मग निम्मी रोपं २८ लाच ठेवायची, निम्मी ४० अंशांना २ तास.

क्यूपीसीआरमध्ये (संदेशांचं प्रमाण मोजणारी चाचणी) रायबोसोमल प्रथिनांचे आणि ट्युब्युलिनचे एमआरएनए, म्हणजे संदेश, दोन्हीकडे जवळपास सारखे आहेत. एचएसपी-७० आणि एचएसपी-१७.५ या उष्णतेत बनणाऱ्या प्रथिनांचे मात्र भरमसाट वाढलेत. नवी प्रथिनं किती बनतात ते प्युरोमायसिन (नव्या साखळीला जोडलं जाणारं औषध) देऊन वेस्टर्नवर (अँटिबॉडीने प्रथिन दाखवणारी चाचणी) पाहिलं, तर २८ ची लेन गडद आणि ४० ची फिकी. म्हणजे संदेश शाबूत आहे, पण त्यावरून प्रथिन बनत नाही. म्हणून पॉलिसोम, म्हणजे एकाच संदेशावर ओळीने बसलेले रायबोसोम, सुक्रोजमध्ये वजनानुसार वेगळे करून प्रोफाइल करायला घेतलं.

बफर असा: ट्रिस ५० मिलिमोलर पीएच ७.५, केसीएल १००, मॅग्नेशियम क्लोराइड १०, ट्रायटन १ टक्का, सायक्लोहेक्सिमाइड (रायबोसोम जागच्या जागी थांबवणारं औषध) ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली. सुक्रोज १५ ते ५० टक्के, झुलत्या बकेटचा रोटर, ३५,००० आरपीएम, ३ तास, ४ अंश. ४० च्या नमुन्यात ८०एसचं (एकट्या पूर्ण रायबोसोमचं) एकच उंच शिखर आणि पुढे सगळं सपाट. ते अपेक्षित होतं. पण २८ च्या नमुन्यातही जवळपास तेच चित्र येतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कंट्रोल असं का दिसतं? आणि उष्णतेत ट्रान्सलेशन (संदेशावरून प्रथिन बनणं) थांबतं ते ईआयएफ-२-अल्फा या सुरुवातीला लागणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट बसल्यामुळेच का? वाचनात सगळीकडे तेच येतं, म्हणून त्याची अँटिबॉडी मागवायचा विचार आहे.

ग्रेडियंटवाला

प्युरोमायसिनची २८ ची लेन गडद आहे, म्हणजे त्या रोपांत रायबोसोम कामावर होते. दोन्ही प्रयोगांतली रोपं सारख्याच स्थितीत होती असं धरलं, तर पॉलिसोम रोपात मोडले नाहीत, पेशी फोडल्यावर नळीत मोडले. पहिला संशय आरएनेजवर, म्हणजे आरएनए कापणाऱ्या एन्झाइमवर.

तुमचा बफर यीस्टला किंवा प्राण्यांच्या पेशींना चालतो. वनस्पतीची पेशी फोडली की रिक्तिकेतलं आम्ल आणि आरएनेज दोन्ही एकदम बाहेर येतात. ५० मिलिमोलर ट्रिसला ते आम्ल झेपत नाही. वाटलेल्या नमुन्याचा एक थेंब पीएच पट्टीवर टाकून पाहा, पीएच ७ च्या खाली घसरलेला असण्याची शक्यता मोठी आहे. वनस्पतींसाठी रुळलेला बफर असा आहे: ट्रिस २०० मिलिमोलर पीएच ९.०, केसीएल २००, ईजीटीए २५, मॅग्नेशियम क्लोराइड ३५, डीटीटी ५, पीएमएसएफ १, डिटर्जंटचं मिश्रण १ टक्का, सोडियम डिऑक्सिकोलेट १ टक्का, सायक्लोहेक्सिमाइड ५० आणि क्लोरॅम्फेनिकॉल ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली. पीएच ९ आणि इतके क्षार असले की बहुतेक आरएनेज मंदावतात. ईजीटीए कॅल्शियम धरून ठेवतं आणि मॅग्नेशियमला फारसा हात लावत नाही. त्या जागी ईडीटीए घालू नका, मॅग्नेशियम गेलं की रायबोसोमचे दोन्ही भाग सुटे होतात. डिऑक्सिकोलेट ईआर या पेशीतल्या जाळ्याच्या पडद्याला चिकटलेले पॉलिसोम सोडवतं. ते घातलं नाही तर तेवढा वाटा गाळाबरोबर फेकला जातो. पीएच खाली आला की डिऑक्सिकोलेटचा चक्क जेल होतो. नळीत चिकट गोळा दिसला तर बफर कमी पडला असं समजा.

क्लोरॅम्फेनिकॉल हरितलवकातल्या ७०एस रायबोसोमसाठी आहे, कारण त्यांच्यावर सायक्लोहेक्सिमाइडचा परिणाम होत नाही. तुमची रोपं अंधारातली, त्यामुळे त्यांचा वाटा कमी. हिरव्या पानावर गेलात की तो बराच वाढतो आणि शिखरं एकमेकांवर चढतात. तेव्हा आरएनएची प्रत तपासणाऱ्या यंत्रावर २३एस या रायबोसोमल आरएनएचे तुकडे दिसले तर घाबरू नका. हरितलवकाचा २३एस मुळातच आत तुटलेला असतो.

वाटताना खलबत्ता द्रव नायट्रोजनने आधी थंड करा आणि पूड पिठासारखी होईपर्यंत वाटा. पुडीच्या दुप्पट आकारमानाचा बफर बर्फावर तयार ठेवा आणि पूड गोठलेली असतानाच त्यात टाका. पूड आधी वितळली आणि मग बफर पडला तर त्या अर्ध्या मिनिटात सगळं संपतं. १६,००० जी ला १५ मिनिटं फिरवा, वरचा द्रव गाळून घ्या, पुन्हा एकदा फिरवा. लगेच ग्रेडियंटवर चढवा. रोटर थांबताना ब्रेक बंद असू द्या.

आता महत्त्वाचं. ८०एसचं शिखर उंच दिसलं म्हणजे ट्रान्सलेशनची सुरुवातच अडली, असा निष्कर्ष त्यावरून थेट निघत नाही. पॉलिसोमवरचा एमआरएनए आरएनेजने कापला तरी ८०एस वाढतं, आणि सुरुवात अडून रायबोसोम संदेश संपवून उतरले तरी ८०एस वाढतं. वेगळं काढायची रीत: त्याच नमुन्याचा एक भाग ५०० ते ८०० मिलिमोलर केसीएल आणि ५ मिलिमोलर मॅग्नेशियम अशा स्थितीत आणा, ग्रेडियंटही त्याच क्षारांचा करा. संदेश नसलेले रिकामे ८०एस या क्षारात ४०एस आणि ६०एस मध्ये फुटतात. संदेशाचा तुकडा आणि अर्धवट प्रथिन धरून बसलेले ८०एस टिकतात. मॅग्नेशियम ३५ वर ठेवून ही चाचणी केली तर रिकामे जोडही टिकतात आणि चाचणीला अर्थ राहत नाही.

तुमच्या ४० च्या नमुन्यात शिखर फुटायला हवं. २८ च्या नमुन्यात ते टिकलं तर दोष आरएनेजचा, आणि बफर बदलून काम होईल. तिथेही फुटलं तर रोपंच ताणात होती.

आणखी एक तपासणी पहिल्याच वेळी करून टाका. एका नळीत बफरमधल्या मॅग्नेशियमपेक्षा जास्त ईडीटीए घाला. खरे पॉलिसोम नाहीसे होतात. जे तळाशी तसंच राहतं ते पॉलिसोम नव्हतंच, ते जड प्रथिनांचं किंवा आरएनए-प्रथिनांचं संकुल. उष्णतेच्या नमुन्यात असं संकुल असतंच, त्यामुळे ही तपासणी तिथे टाळता येत नाही.

बीजपत्र

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. अँटिबॉडीचे पैसे खर्च करण्याआधी हे वाचा.

ईआयएफ-२-अल्फाची गोष्ट प्राण्यांवरून आली आहे. तिथे हे फॉस्फेट बसवणारे चार किनेज आहेत. वनस्पतींत त्यांपैकी फक्त जीसीएन-२ सापडतं. त्याला जाग येते ती अमिनो आम्ल न बसलेल्या टीआरएनएमुळे. म्हणून अमिनो आम्लांची निर्मिती अडवणारी तणनाशकं, उदाहरणार्थ क्लोरसल्फ्युरॉन किंवा ग्लायफोसेट, दिली की अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपात फॉस्फेट झटक्यात चढतं. अतिनील किरण, थंडी, तीव्र उजेड यांनीही चढतं. उष्णतेचं मात्र तसं नाही. गव्हाच्या रोपांवर १९९७ मध्ये हे तपासलं गेलं, त्यात उष्णतेनंतर ईआयएफ-४बी या सुरुवातीच्याच दुसऱ्या प्रथिनावरचं फॉस्फेट उतरलेलं दिसलं, २-अल्फामध्ये तसा बदल नव्हता. अँटिबॉडी घ्यायचीच असेल तर क्लोरसल्फ्युरॉन दिलेल्या रोपांची एक लेन चालवा. तिथे पट्टा आला आणि ४० अंशांत आला नाही, तर ते ‘नाही’ छातीठोकपणे लिहिता येतं.

मग उष्णतेत अडतं कुठे? एरवी संदेशाची सुरुवातीची टोपी आणि शेवटची पॉली-ए शेपटी एकमेकींच्या मदतीने रायबोसोम बोलावतात. टोपीवर ईआयएफ-४ई आणि ४जी, शेपटीवर पॉली-ए बांधणारं प्रथिन, आणि दोन्हींमध्ये दुवा. उष्णतेच्या धक्क्यानंतर ही जोड निकामी होते, त्यामुळे साधारण संदेशांना मिळणारा जोर जातो. एचएसपीच्या संदेशांचा सुरुवातीचा न वाचला जाणारा भाग वेगळा असतो आणि या जोडीवाचूनही त्यांना रायबोसोम मिळतात. सोयाबीनवरचं पायाभूत काम जॉर्जिया विद्यापीठातलं, १९८१ चं आहे. रोपं २८ वरून ४० अंशांना नेली की पहिल्या काही मिनिटांतच एचएसपीचे संदेश दिसू लागतात आणि नेहमीच्या प्रथिनांची निर्मिती घसरते. तुमची तापमानं बहुधा त्याच परंपरेतली आहेत, आणि ती योग्य आहेत.

उष्णता फक्त सुरुवात अडवते असंही नाही. अराबिडॉप्सिसमध्ये ३८ अंशांना रायबोसोम संदेशावर सुरुवातीच्या टप्प्यातच अडखळतात. एचएसपी-७० कुळातली प्रथिनं बाहेर पडणाऱ्या नव्या साखळीला धरून घडी घालायला मदत करतात. उष्णतेत त्यांची ओढाताण होते आणि ज्या साखळ्यांना त्यांची गरज जास्त, तिथे रायबोसोम थांबतो. थांबलेल्या संदेशाची टोपी काढली जाते आणि एक्सआरएन-४ हा एन्झाइम ५ प्राइम टोकाकडून तो खात सुटतो, रायबोसोम वर असतानाच. म्हणून पॉलिसोममध्ये सापडलेला प्रत्येक संदेश वाचला जात आहे असं धरू नका. प्युरोमायसिन आणि प्रोफाइल दोन्ही हातात असणं यासाठीच मोलाचं आहे. प्रोफाइल सपाट आणि प्युरोमायसिन फिकं, तर सुरुवात अडली आहे. पॉलिसोम जड आहेत आणि तरी प्युरोमायसिन फिकं, तर वाटेत अडलं आहे.

तुमचे रायबोसोमल प्रथिनांचे एमआरएनए शाबूत आहेत, हा मला सगळ्यात बोलका निकाल वाटतो. हे संदेश उष्णतेत स्ट्रेस ग्रॅन्यूलमध्ये (ताणात पेशीत बनणाऱ्या कणांत) जाऊन थांबतात. ताण ओसरला की एचएसपी-१०१ ते ग्रॅन्यूल सोडवतं आणि हेच संदेश पुन्हा पॉलिसोमवर चढतात, नवीन लिप्यंतरणाची वाट न पाहता. एचएसपी-१०१ नसलेल्या अराबिडॉप्सिसमध्ये ही सुटका रेंगाळते. म्हणजे रोप नवे रायबोसोम बांधण्याचं महागडं काम बाजूला ठेवतं, पण त्याचा आराखडा फेकून देत नाही. यासाठी प्रयोगात तिसरा गट हवाच: ४० अंशांना २ तास, मग २८ ला परत आणून १ आणि ३ तासांनी नमुने. या गटावाचून तुमच्याकडे फक्त ‘थांबलं’ एवढंच उत्तर असेल, आणि खरं कौशल्य परत सुरू करण्यात आहे.

थेट ४५ अंशांचा मोह टाळा. सवय न झालेली सोयाबीनची रोपं ४५ ला २ तासांत मरतात. आधी ४० ला २ तास ठेवलेली वाचतात. मरणाऱ्या ऊतीत आरएनेज सुटलेले असतात आणि त्या प्रोफाइलवरून नियमनाबद्दल काहीच कळत नाही.

अंकुर_नागपूर

दोघांचेही खूप आभार, क्षारांची चाचणी याच आठवड्यात लावतो. थोडी जादा माहिती देतो. प्युरोमायसिनचं काम जानेवारीतलं, प्रोफाइल आत्ता मे महिन्यातलं. इनक्युबेटर २८ दाखवतो, पण रोपं मोजून, कापून गोठवण्याचं काम बाहेर टेबलावर होतं आणि दुपारी त्या खोलीत कूलरच आहे. शिवाय ग्रेडियंट फ्रॅक्शनेटर (नळीतला द्रव थरांनुसार भाग पाडून काढणारं यंत्र) आमच्याकडे नाही, नळीच्या तळाला सुई टोचून थेंब गोळा करतो आणि ए-२६० (२६० नॅनोमीटरला शोषण) मोजतो. हे चालेल का?

उष्मा_आणि_आरएनए

नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ असताना कूलरच्या खोलीत टेबलावर ३६ ते ३८ अंश सहज असतात. तुमची ‘२८ ची’ रोपं कापेपर्यंत तिथे दहा मिनिटं पडून राहिली तर ती कंट्रोल उरत नाहीत. प्रथिननिर्मिती मिनिटांत बदलते, आणि वर लिहिलंच आहे की एचएसपीचे संदेश पहिल्या काही मिनिटांत येतात. त्यात भर म्हणजे कूलरचा झोत उघड्या मुळांवर, म्हणजे सुकण्याचा ताण वेगळा. पाण्याची किंचित ओढ बसली तरी वाढत्या ऊतीतले पॉलिसोम घटतात, मक्यावर हे १९७० पासून माहीत आहे.

तपासणी सोपी आहे. तुमच्याकडे कंट्रोलचा आरएनए आहेच, त्यात एचएसपी-१७.५ चा सीटी (कितव्या सायकलला संकेत वर येतो तो आकडा) जानेवारीच्या कंट्रोलशी ताडून बघा. मे महिन्याचा कंट्रोल चार-पाच सायकल आधी वर आला तर प्रश्न तिथेच सुटला. आरएनेजने संदेश तुटतो, एचएसपीचा नवा संदेश तयार होत नाही.

उपाय असा. कापणी पहाटे सहा ते आठच्या दरम्यान करा आणि सगळे गट त्याच वेळेत बसवा. ४० ची रोपं त्यासाठी पहाटे चारला आत जातील, थोडा त्रास आहे पण इलाज नाही. गुंडाळी इनक्युबेटरच्या दारातच उघडा, एका वेळी पाचसहा रोपं, आणि कापलेला भाग थेट द्रव नायट्रोजनमध्ये. मोजणी आणि वजन गोठवल्यानंतर. मे महिन्यात उघड्या थर्मोकोलच्या डब्यातला नायट्रोजन बघता बघता उडतो, त्यामुळे झाकणाचं भांडं वापरा आणि पातळी नमुन्याच्या वर राहील याकडे लक्ष ठेवा. अंधारातली रोपं हिरव्या मंद दिव्यात हाताळा. उजेड लागला की ट्रान्सलेशन वाढतं, आणि एका गटाला उजेड व दुसऱ्याला अंधार असं झालं तर तुम्ही उष्णता नाही, उजेड मोजाल. इनक्युबेटरच्या आकड्यावर विसंबू नका, गुंडाळीच्या आत बारीक थर्मोकपल खुपसून ठेवा. ओल्या कागदाची जाड गुंडाळी ४० ला पोचायला बराच वेळ घेते. २ तासांची मोजणी आत ४० झाल्यावर सुरू करा, किंवा रोपं आधीच ४० ला आणलेल्या बफरच्या फ्लास्कमध्ये हलवत ठेवा.

सुई टोचून फ्रॅक्शन घेणं चालतं. थेंब तळाकडून येतात, म्हणजे जड पॉलिसोम आधी. ११ मिलीच्या नळीतून १२ फ्रॅक्शन पुरेत. सुई मध्यभागी हवी, बाजूला टोचली तर भिंतीला चिकटलेला गाळ येतो. नमुना न चढवलेली, फक्त बफर चढवलेली एक नळी सोबत चालवा आणि तिचं वाचन वजा करा. ट्रायटन या तरंगलांबीला स्वतःच शोषतं, त्यामुळे वरच्या फ्रॅक्शनमधलं मोठं शिखर बहुधा डिटर्जंटचंच असतं. पॉलिसोमचा वाटा काढताना त्या फ्रॅक्शन हिशेबात धरू नका.

फ्रॅक्शनमधून आरएनए काढताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. तळच्या फ्रॅक्शनमध्ये सुक्रोज इतकं असतं की ट्रायझॉल (आरएनए काढायचं रसायन) घातल्यावर थर उलटतात आणि आरएनए खालच्या थरात जातो. आधी आरएनेजमुक्त पाण्याने किमान दुप्पट पातळ करा. दुसरं, प्रत्येक फ्रॅक्शनमध्ये आरएनए काढण्याआधीच बाहेरचा एखादा संदेश, उदाहरणार्थ ल्युसिफरेजचा, ठरावीक पिकोग्रॅममध्ये घाला आणि क्यूपीसीआरचे आकडे त्याच्याशी ताडा. ॲक्टिनशी ताडू नका. ॲक्टिन स्वतःच उष्णतेत पॉलिसोमवरून उतरतो, त्याला आधार धरलं तर सगळेच संदेश चढल्यासारखे दिसतात.

काळी_माती

इथे जरा शेताकडून विचारतो. काटोल-नरखेडकडे आंबिया बहारासाठी संत्र्याचं पाणी डिसेंबरपासून तोडतात, आणि जुलैत झड लागली की सोयाबीनच्या मुळाशी चार-चार दिवस पाणी तुंबतं. या दोन्हींतही हीच यंत्रणा का?

बीजपत्र

दोन्ही वेगळ्या. तुंबलेल्या पाण्यात मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. एका ग्लुकोजपासून आंबवून २ एटीपी मिळतात, आणि प्रथिनाचा एकेक बंध जोडायला साधारण ४ एटीपींइतकी ऊर्जा लागते. त्यामुळे मूळ बहुतेक संदेश रायबोसोमवरून उतरवतं. मक्याच्या मुळांवर १९८० मध्ये दिसलं की ऑक्सिजन गेल्यावर जुनी प्रथिनं बनणं थांबतं आणि जेमतेम वीस प्रथिनंच बनत राहतात. त्यांतली बरीचशी पुढे ओळखली गेली, ती अल्कोहोल डिहायड्रोजनेज, पायरुव्हेट डिकार्बोक्सिलेज, सुक्रोज सिंथेज अशी आंबवण्याच्या आणि साखर फोडण्याच्या वाटेवरची. उतरवलेले संदेश यूबीपी-१ नावाच्या प्रथिनाच्या कणांत राखले जातात आणि हवा परत मिळाली की काही मिनिटांत सुटतात. काळ्या जमिनीत रुंद वरंबा आणि सरी काढली की पीक तगतं ते यामुळे. पाणी लवकर उतरलं तर राखलेले संदेश कामी येतात. तीन-चार दिवस तुंबलं तर साखर संपते आणि मुळाची टोकं मरतात, मग राखलेलं काही उपयोगी पडत नाही.

संत्र्याला पाणी तोडलं की ताण हळूहळू, आठवड्यांनी चढतो. तिथे ॲब्सिसिक आम्ल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, त्यामुळे एसएनआरके-२ किनेज जागे होतात आणि वाढ हाकणाऱ्या टीओआर संकुलातल्या रॅप्टर या प्रथिनावर फॉस्फेट बसवून टीओआर मंद करतात. टीओआर मंद झालं की रायबोसोमल प्रथिन एस-६ वरचं फॉस्फेट उतरतं आणि नवे रायबोसोम बांधणं कमी होतं. पाणी भरपूर असताना उलट टीओआरच ॲब्सिसिक आम्लाच्या रिसेप्टरला दाबून ठेवतं. पण फुलं येण्याचं कारण एवढ्यावर बांधू नका. तो फुलकळीच्या जनुकांचा वेगळा विषय आहे, त्यात थंडीचाही हात आहे. मोजायचं असेल तर पहाटेचा पानांचा जलविभव मोजा आणि एस-६ च्या फॉस्फेटची वेस्टर्न करा. संत्र्याच्या पानातून पॉलिसोम काढणं फिनॉल आणि चिकट शर्करांमुळे जिकिरीचं आहे, फिनॉल शोषणारं पीव्हीपीपी घातल्याशिवाय सुरुवातच करू नका.

अंकुर_नागपूर

जानेवारी आणि मे महिन्यातल्या कंट्रोलचे सीडीएनए (आरएनएवरून बनवलेले डीएनए) एकाच प्लेटवर चालवले. एचएसपी-१७.५ मे महिन्यात खरंच बरंच आधी वर येतं, ट्युब्युलिन दोन्हीकडे सारखं. म्हणजे रोपं टेबलावरच तापत होती. बफरही बदलतोय, कारण पीएच पट्टी ६.५ च्या आसपास दाखवते. एक शेवटचं: आरएनेजसाठी बफरमध्ये हेपारिन घालू का?

ग्रेडियंटवाला

प्रोफाइल पुरतं घालायला हरकत नाही. पण त्याच फ्रॅक्शनवर क्यूपीसीआर करणार असाल तर टाळा, हेपारिन आरएनएबरोबर येतं आणि सीडीएनए बनवणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज अडवतं. घातलंच तर शेवटी २ मोलर लिथियम क्लोराइडने आरएनए खाली बसवा, हेपारिन वरच्या द्रवात राहतं. पीएच ९ चा बफर आणि गोठलेली पूड असेल तर सोयाबीनच्या हायपोकॉटिलला (बीजपत्रांखालच्या खोडाला) त्याची गरज पडत नाही.